तुमचे डाव नेमके कुठे आहेत? बुद्धिबळाच्या डेटाबेस फाइल्स शोधणे आणि सांभाळणे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची शाळकरी मुले आता रेटिंग स्पर्धा खेळतात. अशा घरात एक लॅपटॉप असतो, बहुधा जुना घेतलेला, एखादा पेनड्राइव्ह असतो आणि सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पाच-पंचवीस फाइल्स असतात. मग तक्रारी सुरू होतात. सॉफ्टवेअर उघडले पण डाव दिसत नाहीत. नव्या लॅपटॉपवर फाइल टाकली पण ती उघडत नाही. काढून टाकलेले डाव अजून यादीत आहेत. या सगळ्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच निघते: प्रोग्रॅमच्या खिडकीत दिसणारे चित्र आणि डिस्कवर पडलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीला कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी गोष्टही आधीच सांगायला हवी. इंटरनेटवरून घेतलेला लाखो डावांचा डेटाबेस हरवला तर उद्या पुन्हा मिळतो. मुलाने स्वतः खेळलेले दोनशे डाव आणि त्यांवर लिहिलेल्या टिपा मात्र जगात दुसरीकडे कुठेही नसतात. म्हणून या लेखातली बरीचशी काळजी त्या छोट्या फाइलसाठी आहे.

आधी फाइलचे आडनाव दिसू द्या

फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरे, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज मुळात लपवून ठेवते. त्यामुळे एकाच नावाच्या सात-आठ फाइल्स शेजारी दिसतात आणि नवखा माणूस त्यांतल्या सहा 'डुप्लिकेट' समजून उडवतो. डेटाबेस मोडण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

विंडोजची कळ आणि ई एकत्र दाबा, फाइल एक्सप्लोरर उघडेल. विंडोज ११ मध्ये वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' पट्टीवर हाच चौकोन थेट दिसतो. हे एकदाच करायचे काम आहे, आणि ते झाल्याशिवाय पुढचे काही करू नका.

कोणती फाइल कशाची

पीजीएन ही सगळ्यांत साधी. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलेली ही पद्धत म्हणजे निव्वळ मजकूर आहे: वर चौकटी कंसातली माहिती, खाली चाली. नोटपॅडमध्येही वाचता येते, आणि बुद्धिबळाचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ती उघडतो. टिपा नसलेला एक डाव साधारण एक केबीच्या आसपास जागा घेतो. म्हणजे वर्षाला दोनशे डाव खेळणाऱ्या मुलाची वर्षभराची फाइल मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही लहान असते. तोटा एवढाच की लाखो डावांच्या पीजीएनमध्ये शोध फार हळू चालतो.

चेसबेस हा डावांचे संग्रह सांभाळणारा विकतचा प्रोग्रॅम. त्याचा डेटाबेस ही एक फाइल नसते, तो फाइल्सचा संच असतो. सीबीएच फाइलीत डावांची शीर्षके, सीबीजीत प्रत्यक्ष चाली, सीबीएत टिपा, सीबीपीत खेळाडूंची नावे, सीबीटीत स्पर्धा, सीबीसीत टिपा लिहिणाऱ्यांची नावे, सीबीएसमध्ये स्रोत. शिवाय आणखी काही लहान फाइल्स. सगळ्यांचे पुढचे नाव एकच असते, आणि या संचातली एकही हलवायची, उडवायची किंवा एकटीचे नाव बदलायचे नाही. केळीचा घड उचलावा तसा पूर्ण संच उचलायचा. पेनड्राइव्हवर फक्त सीबीएच नेली तर पलीकडच्या लॅपटॉपवर चालीच नसतात, कारण त्या सीबीजीत घरीच राहिल्या.

हा घोळ टाळण्यासाठीच सीबीव्ही आहे. संपूर्ण संच आवळून बांधलेली ती एकच फाइल, देवाणघेवाण आणि बॅकअप यांसाठी. चेसबेसमध्ये उघडली की ती मोकळी होते आणि सीबीएचचा संच तयार होतो. त्यानंतर काम त्या संचात होते. सीबीव्ही जुनीच राहते, हे विसरू नका.

चेसबेस १७ पासून 'टू-सीबीएच' हा नवा प्रकार आला आहे. जुन्या आवृत्तीत तो उघडत नाही. सरांकडे नवी आवृत्ती आणि तुमच्याकडे जुनी असेल, तर फाइल बिघडलेली नाही. जुन्या सीबीएच प्रकारात किंवा पीजीएनमध्ये पाठवायला सांगा.

स्किड आणि त्याचा भाऊ स्किड व्हर्सेस पीसी हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत आणि नवख्या कुटुंबाने पैसे खर्च करण्याआधी हेच वापरून पाहावेत असे आमचे मत आहे. त्यांच्या डेटाबेसला तीन फाइल्स असतात: एसआय४ ही अनुक्रमणिका, एसजी४ मध्ये डाव, एसएन४ मध्ये नावे. तिन्ही बरोबरच हलवायच्या. मूळ स्किडच्या पाचव्या आवृत्तीत यांची जागा एसआय५, एसजी५ आणि एसएन५ ने घेतली आहे. स्किड व्हर्सेस पीसी मात्र चारच्याच फाइल्स वापरते. चेसबेसची सीबीएच स्किडमध्ये उघडत नाही, तेव्हा दोघांमधला पूल पीजीएनच.

काही फाइल्स डेटाबेससारख्या दिसतात पण त्यांत डाव नसतात. सीटीजी किंवा बिन म्हणजे ओपनिंगचे पुस्तक: कोणत्या पटस्थितीत कोणती चाल किती वेळा खेळली गेली, एवढेच. आरटीबीडब्ल्यू आणि आरटीबीझेड या सिझिजी टेबलबेसच्या फाइल्स, मोजक्या मोहऱ्यांच्या अंत्यखेळांची पूर्ण उत्तरे असलेल्या. पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच जवळजवळ १ जीबी, सहा मोहऱ्यांचा सुमारे १५० जीबी. नवख्या मुलाला पाचचा पुरतो. आणि स्टॉकफिश हे इंजिन आहे, म्हणजे चांगली चाल शोधून देणारा प्रोग्रॅम, त्यात एकही डाव साठवलेला नसतो.

हरवलेला डेटाबेस शोधताना

खालच्या क्रमानेच जा. बहुतेक फाइल्स पहिल्या तीन पायऱ्यांत सापडतात.

१. आधी प्रोग्रॅमलाच विचारा. चेसबेसच्या डेटाबेस खिडकीत हव्या त्या चित्रावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा, तिथे फाइलचा पूर्ण पत्ता मिळतो. चित्र दिसते पण क्लिक केल्यावर उघडत नाही, याचा अर्थ फाइल जागेवरून हलली आहे किंवा ती ज्या पेनड्राइव्हवर होती तो आता लावलेला नाही. उलट, चित्र नाहीसे झाले म्हणून फाइल गेली असेही नाही. चित्र काढणे आणि फाइल डिलीट करणे हे दोन वेगळे पर्याय आहेत. राइट-क्लिकच्या मेनूत ते जवळजवळ असतात, तेव्हा क्लिक करण्यापूर्वी ओळ पूर्ण वाचा.

२. 'डॉक्युमेंट्स' मध्ये 'चेसबेस' नावाचे फोल्डर उघडा. चेसबेस आणि त्याच कंपनीचा खेळायचा प्रोग्रॅम फ्रिट्झ आपल्या बहुतेक वस्तू तिथे ठेवतात. वापरणाऱ्याचे स्वतःचे काम अनेकदा 'मायवर्क' या उपफोल्डरात आणि विकत घेतलेले डेटाबेस 'बेसेस' मध्ये सापडतात.

३. 'डॉक्युमेंट्स' दोन आहेत का पाहा. विंडोजवर वनड्राइव्ह चालू असेल तर ते 'डॉक्युमेंट्स' फोल्डर आपल्या ताब्यात घेऊन वनड्राइव्हच्या आत हलवते. मग जुन्या ठिकाणी फोल्डर रिकामे आणि डाव दुसरीकडे, अशी स्थिती होते. फाइलशेजारी ढगाचे चित्र असेल तर ती लॅपटॉपवर नाहीच, नेटवर आहे. तिच्यावर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि उतरून होईपर्यंत थांबा.

४. पूर्ण डिस्क शोधा. फाइल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी' उघडून उजवीकडच्या शोधपेटीत चांदणीचे चिन्ह, टिंब आणि एक्स्टेन्शनची इंग्रजी अक्षरे लिहा: एकदा सीबीएच, एकदा सीबीव्ही, एकदा पीजीएन, एकदा एसआय४. जुन्या हार्ड डिस्कवर याला दहा-पंधरा मिनिटेही लागतात, मध्येच बंद करू नका. यादी आली की 'डेट मॉडिफाइड' वर क्लिक करून तारखेप्रमाणे लावा. शेवटचे काम केलेली फाइल वर येईल.

५. जुना प्रोग्रॅम असेल आणि फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये साठवल्याचे आठवत असेल, पण ती तिथे नसेल, तर 'व्हर्च्युअलस्टोअर' पाहा. विंडोज साध्या प्रोग्रॅमला 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रॅमने लिहायचा प्रयत्न केला की ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरातील 'लोकल' मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' मध्ये जाते. 'अ‍ॅपडेटा' लपलेले असते, त्यासाठी 'व्ह्यू' मधून 'हिडन आयटम्स' चालू करावे लागते.

६. मोबाइलवर आलेली फाइल. ब्राउझरमधून उतरवलेली पीजीएन 'डाउनलोड' मध्ये असते. व्हॉट्सअ‍ॅपवरची मात्र तिथे नसते. नव्या अँड्रॉइडवर फोनच्या 'अँड्रॉइड' फोल्डरातील 'मीडिया' मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर असते, त्यात 'मीडिया' आणि त्याच्या आत 'व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स'. एवढे आत शिरायचे नसेल तर चॅटमध्येच फाइल उघडून 'शेअर' करा आणि स्वतःला मेल करा. पाठवणाऱ्याने पीजीएन नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावी, मजकूर चिकटवून नव्हे.

घरातल्या डेटाबेसची मांडणी

सी ड्राइव्हवर विंडोज असते, आणि लॅपटॉप फॉरमॅट करायची वेळ आली की आधी तीच पुसली जाते. डी ड्राइव्ह असेल तर तिथे 'चेस' नावाचे एकच फोल्डर करा आणि आत चार उपफोल्डर: स्वतःचे डाव, मोठा संदर्भ डेटाबेस, सरांकडून आलेले, बॅकअप. याहून जास्त फाटे फोडू नका. स्पर्धेगणिक वेगळी फाइल करणाऱ्यांना वर्षाअखेरीस तीस फाइल्स शोधाव्या लागतात. स्पर्धेचे नाव डावाच्या आत लिहायची सोय असताना त्यासाठी वेगळी फाइल कशाला?

फाइल आणि फोल्डरची नावे इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठी नाव विंडोजला चालते, पण काही जुन्या प्रोग्रॅमना आणि इंजिनांना देवनागरी पत्ता वाचता येत नाही आणि ते काहीच न सांगता बंद पडतात. याच कारणासाठी नवा लॅपटॉप लावताना वापरकर्त्याचे नावही इंग्रजीत द्यावे.

स्वतःच्या डावांचा डेटाबेस आणि मोठा संदर्भ डेटाबेस कधीही एकत्र करू नका. चेसबेसमध्ये एका डेटाबेसचे चित्र ओढून दुसऱ्यावर सोडले की पहिल्यातले सगळे डाव दुसऱ्यात कॉपी होतात. माउस घसरला आणि चुकून 'ओके' दाबले गेले तर दोनशे डावांत दहा लाख मिसळतात. म्हणून विचारणा आली की आकडा वाचा. आपण दहा डाव हलवत असू तर तिथे दहाच दिसायला हवेत.

मोठा डेटाबेस आणायचा कुठून

चेसबेसचा विकतचा मेगा डेटाबेस एक कोटीहून जास्त डावांचा आहे आणि उत्तम आहे, पण १२००-१५०० रेटिंगपर्यंत त्याची गरज पडत नाही. मार्क क्रोथर १९९४ पासून 'द वीक इन चेस' चालवतात. तिथे दर आठवड्याला जगभरातल्या महत्त्वाच्या स्पर्धांचे डाव फुकट मिळतात, पीजीएन झिप करून. फाइल काही एमबीचीच असल्याने मोबाइलच्या डेटावरही सहज उतरते. दर आठवड्याला एक जोडत गेलात तर वर्षभरात चांगला ताजा संग्रह होतो.

लीचेस या फुकट बुद्धिबळ खेळायच्या संकेतस्थळावर दर महिन्याच्या रेटेड डावांची फाइल ठेवलेली असते. तिच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. अलीकडच्या महिन्यांच्या फाइल्स आवळलेल्या अवस्थेतच २५ जीबीच्या पुढे आहेत आणि उलगडल्यावर साधारण सातपट होतात. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर ते जमणार नाही, आणि जुन्या लॅपटॉपची डिस्कही पुरणार नाही. लीचेसवरून घ्यायचे ते स्वतःचे डाव: आपल्या प्रोफाइलवरून ते पीजीएनमध्ये उतरवता येतात. तिथे घड्याळाच्या वेळा आणि इंजिनचे मूल्यमापन बरोबर घ्यायचे की नाही हेही निवडता येते. वेळेच्या घाईत मूल नेमके कुठे चुकते हे पाहायचे असेल तर वेळा घ्या, नाहीतर काढा. प्रत्येक चालीमागे कंसाची गर्दी झाली की डाव वाचवत नाही.

झिप फाइल आधी उलगडा, मग उघडा. झिपच्या आतच डबल-क्लिक करून उघडलेली पीजीएन तात्पुरत्या जागी उघडते, आणि तीत केलेले बदल झिपमध्ये परत जात नाहीत.

स्किड व्हर्सेस पीसी पीजीएन थेट उघडते, पण केवळ वाचण्यासाठी, शिवाय जास्त मेमरी खाऊन. म्हणून आधी नवीन डेटाबेस तयार करा, मग 'टूल्स' मेनूतून पीजीएन इम्पोर्ट करा. शेवटी चुकांची यादी येते ती पाहा. दोन-चार डाव अर्धवट आले असतील तर चालेल, शेकड्यात असतील तर मूळ फाइलच बिघडलेली आहे.

स्वतःचे डाव भरताना: नाव, तारीख, गाव

इथे घाई केली की पुढे शोध लागत नाही.

डाव भरायचा तो स्पर्धेच्या दिवशीच. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांप्रमाणे स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, आयोजकांच्या मालकीची असते, म्हणून ती जमा करण्यापूर्वी फोटो काढा किंवा कार्बन प्रत घ्या. रात्री मुलाला चाली आठवत असतात, त्यामुळे वाचता न येणारी चालही लागते. आठवड्याने तेच अक्षर कोणालाच लागत नाही.

पीजीएनमध्ये सात रकाने सक्तीचे मानतात: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. तारीख आपल्या सवयीने दिवस-महिना-वर्ष अशी लिहू नका. आधी वर्षाचे चार आकडे, टिंब, महिना, टिंब, दिवस. दिवस माहीत नसेल तर तिथे दोन प्रश्नचिन्हे टाकायची. उलटी लिहिलेली तारीख असलेले डाव वर्षाप्रमाणे लावताना यादीत भलतीकडे जातात. बरोबरीचा निकाल अर्ध्याच्या एकाच चिन्हाने नाही, तर एक, तिरकी रेघ, दोन असा दोन्ही बाजूंना लिहायचा. अपुऱ्या डावाला चांदणी.

नोटपॅडमध्ये हाताने लिहीत असाल तर कॅसलिंगसाठी शून्य नव्हे, इंग्रजी मोठे ओ अक्षर. बरेच प्रोग्रॅम शून्य खपवून घेतात, काही मात्र डाव तिथेच तोडतात. मोहऱ्यांची अक्षरेही इंग्रजीच: राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी, घोड्याला एन.

आता नावे. आपल्याकडे एका स्पर्धेत आठ-दहा पाटील सहज असतात. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग पूर्ण नाव, असेच लिहा. नुसते आद्याक्षर नको. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात आणि प्रोग्रॅमच्या लेखी ते चार वेगळे खेळाडू ठरतात. यावर एकच नियम: फिडेच्या यादीत जे स्पेलिंग असेल तेच. शक्य असेल तर फिडे आयडीही भरा, नाव बदलले तरी आकडा बदलत नाही.

मोठ्या डेटाबेसमध्ये शोधतानाही हे लक्षात ठेवा. नाशिकच्या विदित गुजराथीचे डाव गुजराथी आडनावाखाली शोधाल तर निराश व्हाल. फिडेच्या यादीत त्याचे नाव 'विदित, संतोष गुजराथी' असे आहे, म्हणजे 'विदित' आडनावाच्या जागी. विश्वनाथन आनंदही 'आनंद' खालीच सापडतो. दक्षिणेकडच्या कितीतरी खेळाडूंचे असेच आहे. सापडत नसेल तर दोन्ही बाजूंनी शोधा.

गावांचेही तेच. धुळ्याची इंग्रजीत दोन रूपे चालतात, एक आजचे आणि एक जुने. भुसावळच्या स्पेलिंगमध्ये कोणी डब्ल्यू घालतो, कोणी व्ही. चोपड्यात मधला ए कधी असतो, कधी नसतो. घरात एक यादी करून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवा आणि भरणारे वडील असोत, ताई असो की मूल, तिथूनच उतरवा. गावापुढे देशाची तीन अक्षरी खूण घाला. आधीच गोंधळ झाला असेल तर स्किडच्या 'मेन्टेनन्स' खिडकीत नावांचे स्पेलिंग तपासण्याची सोय आहे, पण ती प्रसिद्ध खेळाडूंसाठी उपयोगी. आपल्या गल्लीतल्या खेळाडूंची नावे हातानेच दुरुस्त करावी लागतात.

दुहेरी डाव आणि 'डिलीट' चा खरा अर्थ

सरांची फाइल, आठवड्याची फाइल आणि स्पर्धेची फाइल एकत्र केली की तोच डाव तीनदा येतो. जागेचा प्रश्न नाही, पण आकडेवारी खोटी ठरते: एखादी ओपनिंग तीन जणांनी खेळली असे दिसते आणि खेळलेला असतो एकच जण.

डाव डिलीट केला की तो लगेच जात नाही. चेसबेस आणि स्किड दोन्ही त्याच्यावर फक्त खूण करतात, आणि चेसबेसमध्ये तो खोडलेला दिसतो. चुकून झाले असेल तर खूण परत काढता येते. कायमचे काढण्यासाठी चेसबेसमध्ये डेटाबेसवर राइट-क्लिक करून 'टूल्स' मधून डिलीट केलेले डाव काढायचा आदेश द्यावा लागतो. स्किडमध्ये 'मेन्टेनन्स' मधून 'कॉम्पॅक्ट' करावे लागते. यानंतर परत फिरता येत नाही.

क्रम असा ठेवा. प्रथम बॅकअप. मग दुहेरी डाव शोधा. स्किडमध्ये हे 'ट्विन गेम्स' नावाने आहे, आणि तिथे काय-काय जुळले पाहिजे ते ठरवता येते: रंग, वर्ष, महिना, फेरी, निकाल, चाली. 'चाली सारख्या' ही अट चालू ठेवा, नाहीतर एकाच दिवशी त्याच दोघांनी खेळलेले दोन ब्लिट्झ डाव एकच समजले जातील. टिपा आणि उपचाली असलेले डाव राखण्याच्या चौकोनांवरही खूण करा. ती नसेल तर टिपांचा डाव जाऊन कोरी प्रत राहण्याचा धोका असतो. खुणा झालेल्या डावांतले वीस-पंचवीस डोळ्यांनी तपासा. नंतरच कॉम्पॅक्ट.

पीजीएन जोडताना आणि मराठी टिपा लिहिताना

पंधरा पीजीएन फाइल्स एक करायच्या असतील तर त्या डेटाबेसमध्ये एकेक इम्पोर्ट करणे सुरक्षित. कमांड प्रॉम्प्टच्या 'कॉपी' आदेशाने जोडणार असाल तर तिरकी रेघ आणि बी हा पर्याय लावाच. तो नसेल तर 'कॉपी' जोडलेल्या फाइलच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह घालते, आणि पुढे त्या फाइलला आणखी डाव जोडले की काही प्रोग्रॅम तिथेच 'फाइल संपली' समजतात. जोडलेली फाइल वेगळ्या फोल्डरात तयार करा. प्रत्येक मूळ फाइल एका मोकळ्या ओळीने संपते ना, तेही पाहा. मोकळी ओळ नसेल तर एका डावाचा निकाल आणि दुसऱ्याचे शीर्षक चिकटते, आणि दोन्हीपैकी एक डाव गायब होतो.

टिपा मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट लहान मुलांसाठी त्याच चांगल्या. फक्त नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरे साठवायच्या पद्धतीच्या, यादीत 'यूटीएफ-८' निवडा. 'एएनएसआय' निवडले तर प्रत्येक देवनागरी अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि एकदा सेव्ह झाले की मूळ मजकूर परत मिळत नाही. 'विथ बॉम' हा पर्यायही टाळा, त्याने काही जुन्या प्रोग्रॅमना पहिल्या डावाची पहिली ओळ कळत नाही. पाठवण्यापूर्वी एका डावावर मराठी टीप लिहून समोरच्याकडे नीट दिसते का ते पाहा. लीचेसच्या स्टडीत, म्हणजे टिपांसह डाव ठेवायच्या सोयीत, देवनागरी व्यवस्थित राहते. शेकडो एमबीची पीजीएन नोटपॅडमध्ये उघडू नका. लॅपटॉप अडकतो आणि घाईत अर्धवट सेव्ह होते.

वीज, ऊन आणि बॅकअप

लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असेल, किंवा डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर कॉम्पॅक्ट, दुहेरी शोध किंवा मोठा इम्पोर्ट सुरू करू नका. संचातल्या एका फाइलीत नवे लिहिले गेले आणि दुसऱ्या फाइलीत लिहायच्या आत वीज गेली, तर शीर्षके एका डावाची आणि चाली दुसऱ्याच्या असे होते. चेसबेसमध्ये राइट-क्लिकच्या 'टूल्स' मध्ये 'चेक इंटेग्रिटी' आहे, पहिला उपाय तोच. पण दुरुस्तीपूर्वी बिघडलेल्या संचाचीही एक प्रत बाजूला ठेवा.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात चालू डेटाबेस ठेवू नये. तुम्ही काम करत असताना ते एकेक फाइल वर पाठवते, आणि संचातल्या फाइल्स वेगवेगळ्या वेळच्या होतात. तिथे ठेवायची ती बंद केलेली, आवळलेली प्रत.

बॅकअप दोन प्रकारचा घ्या. चेसबेस असेल तर डेटाबेसवर राइट-क्लिक करून सीबीव्ही. स्किड असेल तर प्रोग्रॅम बंद करून तिन्ही फाइल्सची झिप. आणि दोन्ही बाबतींत, याशिवाय, स्वतःचे डाव पीजीएनमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. संच बिघडला तर तो हाताने सुधारता येत नाही. पीजीएन बिघडली तरी ती मजकूर असल्याने उरलेले डाव वाचवता येतात, आणि वीस वर्षांनीही ती उघडेल. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला. जुनी प्रत पुसून त्याच नावाने नवी लिहू नका. बिघाड दोन आठवड्यांनी लक्षात आला तर त्याआधीची प्रत हाताशी हवी. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक स्पर्धेनंतर एकदा, एवढे पुरे. जीमेल २५ एमबीपर्यंत जोडपत्र घेते, तेव्हा स्वतःला पाठवलेला मेल ही घराबाहेरची सोपी प्रत झाली.

पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, एकमेव प्रत ठेवायची नव्हे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा गाडीच्या डिकीत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क ठेवून स्पर्धेला बसू नका. काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. मोठी फाइल कॉपी होताना जागा असूनही 'फाइल टू लार्ज' आले, तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. त्यातले सामान बाहेर काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॉरमॅट करताना सगळे पुसले जाते.

बॅकअप घेतला की तो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा, शेजारच्या किंवा क्लासमधल्या. तीन गोष्टी तपासा: डावांची एकूण संख्या मूळ डेटाबेसएवढी आहे का, सर्वांत अलीकडचा डाव आला आहे का, आणि टिपा लिहिलेला एक डाव उघडल्यावर टिपा वाचता येतात का. तिसऱ्यात अडले तर संचातली सीबीए फाइल मागे राहिली आहे किंवा एन्कोडिंग चुकले आहे. मूळ डेटाबेस अजून जागेवर असताना तेव्हाच नवी प्रत काढा.